सकाळचं तेलपाणी

आमच्या घरात गाडी आली ती हौस म्हणून नाही, बाबांच्या डोळ्यांसाठी. त्यांना काचबिंदू आहे. घाटकोपरच्या डॉक्टरकडे वरचेवर न्यावं लागतं, आणि मुलुंडहून रिक्षाने निघालं की बाबा मागच्या सीटवरून रिक्षावाल्याला गिअर कधी टाकायचा ते शिकवतात. एका रिक्षावाल्याने आम्हाला विक्रोळीत भर उन्हात उतरवून दिलं, तेव्हा माझा धाकटा भाऊ मिथुन म्हणाला की आता पुरे, गाडी घेऊन टाकू. कर्ज त्याच्या नावावर निघालं, म्हणून गाडीही त्याच्याच नावावर. तो राहतो खारघरला. गाडी मुलुंडला आमच्या बिल्डिंगखाली, आणि चालवणारी मी.

बाबांना ती चालवायला मिळाली नाही, हे त्यांना फार लागलं. सगळी हयात त्यांनी महापालिकेची कचऱ्याची गाडी चालवली. आधी देवनारला, मग कांजूरमार्गच्या डम्पिंगला फेऱ्या मारल्या. नोकरीत एकही खाडा नाही, हे ते पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात. खाडा म्हणजे हजेरीवर लागलेली दांडी. माझा जन्म झाला त्या दिवशीसुद्धा ते आधी फेरी टाकून आले आणि मग दवाखान्यात गेले. आई हे आयुष्यभर टोमणा म्हणून सांगायची आणि बाबा कौतुक समजून ऐकायचे. आई गेली. टोमणे मारायचं काम आता माझ्याकडे आलं आहे आणि ते मी मन लावून करते.

गाडी चालवायची नाही म्हटल्यावर बाबांनी ती पुसायला घेतली. रोज सकाळी हुकावरची किल्ली काढायची, खाली जायचं, आणि मी ऑफिसला निघेपर्यंत गाडी लख्ख. मला बरंच वाटलं. माणसाच्या हाताला काम असलं की डोकं ठिकाणावर राहतं, असं मी सुगंधाताईंना सांगितलंसुद्धा. सुगंधाताई आमच्या शेजारी. मी घाटकोपरच्या लॅबमध्ये नोकरीला, त्यामुळे दिवसभर बाबांवर त्यांचंच लक्ष असतं.

कारण डोकं ठिकाणावर राहत नव्हतं. बाबा विसरायला लागले होते. एकदा गॅस चालू ठेवून झोपले. एकदा घरातून निघून कांजूरच्या बसमध्ये जाऊन बसले, कुठे जायचंय म्हणून विचारलं तर कंडक्टरला म्हणाले, ड्युटीवर. त्या कंडक्टरचं भलं होवो, त्याने बाबांच्या खिशातला माझा नंबर शोधून फोन केला. मिथुनने तेव्हाच कर्जतच्या एका वृद्धाश्रमाची माहिती काढली. जागा चांगली आहे, डॉक्टर असतो, भरपूर झाडं आहेत, असं तो मला समजावत होता. झाडं! गाडी मागे घेताना आड आलं तरच बाबांनी आयुष्यात झाडाकडे पाहिलं असेल. आमचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी ठरलं असं की आणखी एक जरी प्रकार घडला तरी बाबा कर्जतला जाणार. मी हो म्हटलं, आणि त्या दिवसापासून मिथुनला काही म्हणजे काही सांगायचं बंद केलं. बाबा कसे आहेत? मस्त. औषधं घेतात? मस्त. गॅसचा रेग्युलेटर मी काढून लपवून ठेवायला लागले, दाराला वरची कडी बसवून घेतली, आणि मस्त मस्त म्हणत राहिले.

मग ऑक्टोबरात, ऐन उकाड्यात, बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेताना हायवेवर गाडीच्या डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आणि पाठोपाठ बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी बाबा, बाबा करत ओरडायला लागले. बाबा शांत होते. त्यांनी मला गाडी कडेला घ्यायला लावली, इंजिन बंद करायला लावलं आणि टाकीचं झाकण उघडू नको, तोंड भाजेल, असं दोनदा बजावलं. टोइंगची गाडी येईपर्यंत ते फुटपाथच्या कठड्यावर बसून जाणारे ट्रक बघत होते. मला वाटलं, काय बिघडलंय माझ्या बापाचं? काही नाही बिघडलेलं.

गाडी गेली कांजूरमार्गला, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. तिथला सुयोग नावाचा मुलगा आमचं काम बघत होता. गोड बोलणारा. म्हणाला, इंजिन थंड ठेवणारं जे गुलाबी कूलंट असतं ते वॉटर पंपातून गळतंय, पण गाडी वॉरंटीत आहे, पंप बदलून मिळेल, तुम्ही निर्धास्त राहा. मी निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन. आवाजातला गोडवा गेलेला. टाकीत कूलंट नाहीच, नुसतं नळाचं पाणी आहे. पंप गंजलाय, रेडिएटरमध्ये तांबडा गाळ बसलाय. आता वॉरंटी द्यायची की नाही ते कंपनीचे इन्स्पेक्टर शनिवारी येऊन ठरवतील, आणि गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांनी हजर राहायला हवं. मिथुन सरांना तसा मेसेज गेलाय.

मी त्याला फाडून खाल्लं. आमच्याकडे त्या बॉनेटला कुणी हात लावत नाही, पाणी घातलंच असेल तर तुमच्या माणसांनी घातलं असेल, वगैरे बरंच काही बोलले. फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं. बॉनेटला हात लावणारा एक माणूस आमच्याकडे होता.

संध्याकाळी मी वॉचमनला, धोंडूला विचारलं. त्याला यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. आजोबा रोज गाडी पुसतात, मग बॉनेट उघडून लाल मगाने पाणी घालतात, म्हणाला. तो मग त्याच्याच केबिनमधला. आजोबा त्याला सांगायचे, ही गाडी दिसायला छोटी आहे, पण पाणी फार पिते.

वर येऊन मी बाबांना विचारलं. ते टीव्हीसमोर बसले होते.

"मग? तेलपाणी केल्याबिगर गाडी काढत्यात का कुठं?" ते म्हणाले. "पाणी रोज खाली जायचं, मी रोज भरायचो. तू कधी बॉनेट उघडून बघितलंस?"

मी त्यांना समजावून सांगितलं. हल्लीच्या गाड्यांना पाणी चालत नाही, वेगळं औषध असतं, त्याने गंज चढत नाही. बाबांनी ऐकून घेतलं, नवीन क्लीनरने काही शहाणपणा सांगावा आणि जुन्या ड्रायव्हरने तो ऐकून घ्यावा तसं. आणि मला एकेक गोष्ट उलगडत गेली. पंप आधीपासूनच गळत असणार. टाकी रोज उतरायची, बाबा रोज ती भरायचे, त्यामुळे तो लाल दिवा कधी लागलाच नाही. दिवा लवकर लागला असता तर पंप फुकटात बदलून मिळाला असता. आता पाण्याने आत गंज चढला होता आणि चूक आमच्या गळ्यात पडणार होती. मला त्यांचा इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन पोळपाट आपटला. मग तिथेच उभी राहून रडले.

पैशाचं मी करीन काहीतरी, ते मला सोसवेल. पण मिथुनला हे कळलं की त्याचा तो एक प्रकार घडल्यात जमा होता. उद्या इंजिनऐवजी गॅसच्या नळीत पाणी घालतील, असं म्हणायला तो कमी करणार नाही. मी ठरवून टाकलं. पाणी मी घातलं, असं सांगायचं. मूर्ख ठरले तर ठरले. मूर्ख मुलीला कुणी कर्जतला पाठवत नाही.

शनिवारी नेमक्या सुगंधाताई लग्नाला गेलेल्या, म्हणून बाबांना सोबत न्यावं लागलं. निघताना त्यांनी आपली खाकी पँट चढवली. कपाटात दुसऱ्या चार पँटी होत्या, पण वाद घालायला माझ्यात जीव नव्हता. रिक्षा कांजूरच्या बाजूला वळली तसा वाऱ्यावर डम्पिंगचा वास यायला लागला. मी ओढणी नाकाला लावली. बाबा ताठ बसले. त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि पुटपुटले, "तिसरी फेरी राहिली." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मिथुन आधीच येऊन बसला होता. बाबांना आम्ही काचेच्या पलीकडे सोफ्यावर बसवलं, समोर कॉफी ठेवली. इन्स्पेक्टर पन्नाशीचे, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी एका बाटलीत आमच्या टाकीतलं पाणी काढून ठेवलं होतं, चहाच्या रंगाचं. हे कुणी घातलं, एवढंच त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

मिथुनने चमकून माझ्याकडे पाहिलं. इन्स्पेक्टरांनी विचारलं, केव्हा. मी म्हटलं, हायवेवर गाडी तापली तेव्हा. ते म्हणाले, एका दिवसात एवढा गंज चढत नाही. मी म्हटलं, आधीही घातलं होतं मधूनमधून. टाकी कुठल्या बाजूला असते ते सांगाल का, त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं. मी उजवीकडे म्हटलं. सुयोग खाली बघायला लागला.

तेवढ्यात काचेचं दार उघडून बाबा आत आले. ते कॉफी सोडून मधल्या वेळात शेडमध्ये जाऊन आले असावेत, कारण हाताला काळं लागलं होतं.

"साहेब, पाणी मी घालतो," ते म्हणाले. "ह्या बाईचा काय संबंध न्हाई. गाडी माझ्या ताब्यात हाय. रोज ड्युटीच्या आधी तेलपाणी करूनच मी गाडी काढतो."

इन्स्पेक्टरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, कुठली गाडी, काका?

बाबांनी नंबर सांगितला. आमच्या गाडीचा नाही. त्यांच्या शेवटच्या कचऱ्याच्या गाडीचा. आणि मग त्यांनी विचारलं की गाडी उचलून का ठेवली आहे, कांजूरला दोन फेऱ्या झाल्यात, तिसरी बाकी आहे, लवकर सोडा, नाहीतर टाइमकीपर बोंब मारेल.

"ह्या बाईचा," ते म्हणाले होते. मला तेवढंच ऐकू येत राहिलं. मी त्यांची मुलगी दर्शना, त्यांच्या समोर दोन हातांवर बसलेली, आणि त्यांनी मला एका परक्या बाईसारखं वाचवलं होतं.

इन्स्पेक्टरांनी वॉरंटी नाकारली. वाईट वाटतंय म्हणाले, आणि खरंच वाटत असावं. मी तरी भांडायचं सोडलं नाही. मी विचारलं, गळती आधी की पाणी आधी? गळत होतं म्हणून पाणी घातलं की पाणी घातलं म्हणून गळायला लागलं, सांगा ना. ते म्हणाले, मॅडम, आता ते कुणालाच सांगता येणार नाही. मिथुनने दुरुस्तीचा खर्च आपण देऊ असं सांगितलं, नकाराचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि बाबांचे काळे हात स्वतःच्या रुमालाने पुसले.

परतीच्या रिक्षात बाबा आमच्या दोघांच्या मध्ये बसले. मिथुन रागावलेला नव्हता. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"ताई, बाबांनी गाडीचं केलं तेच तू बाबांचं केलंस," तो म्हणाला. "रोज वरून पाणी घालत राहिलीस, दिवा लागायला नको म्हणून. आत काय होतंय ते मला कळूच दिलं नाहीस ना."

हे मला झोंबलं, कारण खरं होतं. मग मीही त्याला झोंबेल असंच बोलले. म्हटलं, आणि तुला ते गाडीसारखेच वर्कशॉपला नेऊन टाकायचेत, महिन्याचे पैसे भरले की मोकळा. तो म्हणाला की आज मी मुलुंडलाच राहतो, उद्या रविवार आहे, तिघं मिळून कर्जतची जागा बघून येऊ. पुढच्या आठवड्यात खोली रिकामी होतेय. मी बाहेर बघत राहिले. माझ्याकडे आता नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. बाबा समोर बघत होते. त्यांना काही कळत नाही असं धरूनच आम्ही बोलत होतो. त्या दिवशी त्यांनी रिक्षावाल्याला गिअरबद्दल एक शब्दही सांगितला नाही, हे मला घरी आल्यावर आठवलं.

रविवारी सकाळी मिथुनने मला हलवून उठवलं. बाबांची खाट रिकामी होती आणि दाराची वरची कडी उघडी. मी रात्री ती लावलीच नव्हती. इतके दिवस न चुकता लावत होते आणि त्या रात्री मला त्या कडीचा कंटाळा आला होता. मिथुन अनवाणीच जिना उतरला, मी त्याच्या मागे.

बाबा लांब गेले नव्हते. खाली पार्किंगमध्ये, आमच्या गाडीच्या रिकाम्या जागेत उभे होते. खाकी पँट, वर इस्त्रीचा शर्ट, हातात काठोकाठ भरलेला लाल मग. पायाशी फरशीवर कूलंटचा वाळलेला गुलाबी डाग होता, तो मी पहिल्यांदाच पाहिला. धोंडू बिचारा काय करावं न कळून केबिनच्या दारात उभा होता.

मिथुनला येताना पाहून बाबा सरळ उभे राहिले.

"साहेब, गाडी कुठंय?"

मिथुनने माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. त्याने काय बोलावं असं मला वाटत होतं, ते मलाच माहीत नव्हतं.

"वर्कशॉपला आहे," तो म्हणाला.

"मग माझा खाडा लावू नका. मी टायमावर आलोय. ह्यो वॉचमन साक्षीला हाय."

"नाही लावत."

बाबांनी मग या हातातून त्या हातात घेतला. थोडं पाणी त्यांच्या पायावर सांडलं.

"साहेब, माझी कर्जतला बदली लावली म्हणं. काल रिक्षात दोघं बोलत होती, मी ऐकलं." ते म्हणाले. "एक खाडा न्हाई माझा. पोरगी झाली त्या दिवशीबी फेरी टाकून मग गेलो, बायको अजून बोलून दाखवती. मग कशापायी बदली?"

मिथुनचा चेहरा मला बाजूने दिसत होता. त्याची हनुवटी हलत होती, लहानपणी रडू दाबताना हलायची तशी. तो बाबांच्या अगदी जवळ गेला.

"बदली रद्द झाली, सीताराम," तो म्हणाला. "ड्युटी इथंच."

बापाला नावाने हाक मारताना त्याचा आवाज फाटला, पण त्याने वाक्य पुरं केलं.

बाबांनी विचार केला. मग नकारार्थी मान हलवली. "लेखी द्या साहेब. तोंडी ऑर्डर चालत न्हाई. उद्या दुसरा साहेब येईल, तो म्हणंल, कुठंय ऑर्डर?"

मिथुनने खिसे चाचपले. कालचीच पँट घालून तो झोपला होता. खिशातून वर्कशॉपचा तो नकाराचा कागद निघाला. धोंडूने पळत जाऊन केबिनमधला पेन आणून दिला. मिथुन तिथेच उकिडवा बसला आणि कागद मांडीवर उलटा धरून मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने लिहिलं, की ड्रायव्हर सीताराम यांची कर्जतला झालेली बदली रद्द करण्यात येत आहे. खाली सही केली.

बाबांनी कागद अगदी नाकापाशी नेला. त्यांना आता समोरचं थोडंसंच दिसतं, त्यामुळे ते कागद हळूहळू सरकवत वाचत होते. शेवटाला आल्यावर थांबले. सहीवर बोट ठेवलं आणि तिच्या वळणावरून ते एकदा फिरवलं.

"माझा पोरगाबी अशीच सही करतो," ते मिथुनला म्हणाले. "मोठा साहेब झालाय. पण लांब राहतो."

मिथुनने त्यांच्या हातातला मग काढून धोंडूकडे दिला, आणि तो ओला हात त्याने बराच वेळ सोडला नाही.